काचेच्या कारखान्यातला शागीर्द : जोसेफ फ्राउनहोफर

वाचकहो, भाताचे पातेले उतू जाते, मीठ घातलेले पाणी शेगडीवर सांडते आणि गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, हे आपण सर्वांनीच पाहिले असेल. घरातले कोणी तरी धावत जाऊन गॅस बारीक करते आणि गोष्ट तेथेच संपते. परंतु त्या पिवळ्या रंगात एक माहिती दडलेली असते. मिठातील सोडियम तापले की ते अगदी ठराविक पिवळा प्रकाश बाहेर टाकते. त्या प्रकाशाची नीट परीक्षा केली तर पदार्थाला हात न लावता, त्याची चव न घेता, त्यात सोडियम आहे असे खात्रीने सांगता येते. आज पाणी, औषध, धान्य, पोलाद, इतकेच काय चंद्रावरची माती, यांची तपासणी ज्या पद्धतींनी होते त्यांपैकी कित्येक पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत. प्रकाशाचे चित्र घ्यावयाचे आणि त्या चित्रावरून पदार्थ ओळखावयाचा, असे हे शास्त्र आहे.

हे चित्र कसे मोजावे हे ज्याने प्रथम जगाला दाखविले, त्याचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे. तो विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. श्रीमंताचा मुलगा नव्हता. जर्मनीतील बव्हेरिया या राज्यातला, आईबापाविना वाढलेला, काच घासणारा एक शागीर्द होता. त्याचे नाव जोसेफ फ्राउनहोफर.

पोरके बालपण

जोसेफचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी श्ट्राउबिंग या गावी झाला. त्याचे वडील खिडक्यांना काचा बसविणारे कारागीर होते. जोसेफ हे त्यांचे अकरावे अपत्य. घरात पैसा बेताचाच, आणि कारागिराच्या मुलाने बापाचाच धंदा उचलावा अशी त्या काळची रीत. त्यामुळे शाळेपेक्षा वडिलांच्या हाताखालीच त्याचे दिवस अधिक गेले. १७९७ साली आई वारली. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. अकराव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला.

ज्यांच्याकडे त्याचा सांभाळ आला त्यांनी प्रथम त्याला एका काताऱ्याकडे लाकूडकाम शिकावयास ठेवले. परंतु मुलाची प्रकृती नाजूक. ते काम त्याला झेपेना. मग १७९९ साली म्युनिक शहरात वाइक्सेलबर्गर नावाच्या दरबारी आरसे बनविणाऱ्या कारागिराकडे त्याला उमेदवार म्हणून देण्यात आले. करार असा की, सहा वर्षे काम करावयाचे आणि पगार मागावयाचा नाही. शिकविण्याची फी देण्याची ऐपत नव्हती, म्हणून फीच्या ऐवजी आयुष्याची सहा वर्षे द्यावी लागली.

त्या काळी म्युनिकमध्ये काम करणाऱ्या मुलांसाठी सुटीच्या दिवशी शाळा भरत असे. आठवडाभर राबणाऱ्या मुलांना थोडे वाचन, थोडे गणित, थोडी चित्रकला यावी, एवढाच तिचा हेतू. जोसेफला त्या शाळेत जावयाचे होते. मालकाने परवानगी दिली नाही. रात्री दिव्याजवळ बसून पुस्तक वाचणेही मालकाला खपत नसे. मुलाने काच घासावी, आरसे पुसावेत, घरची कामे करावीत. पुस्तकाचा त्याला काय उपयोग, असा त्याचा हिशोब होता.

पालकहो, या मालकाला आपण दुष्ट ठरवून मोकळे होऊ नये. तो त्या काळच्या रीतीप्रमाणेच वागत होता. मुलाला खाऊ घालतो, हुनर शिकवितो, आणखी काय करावयाचे, असे त्याला वाटत असावे. पण अशा साध्या, रोजच्या, कोणालाही न खटकणाऱ्या नकारानेच कितीतरी मुलांचे दरवाजे बंद होतात.

कोसळलेले घर

२१ जुलै १८०१ या दिवशी वाइक्सेलबर्गरचे घर अचानक कोसळले. मालकाची पत्नी ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावली. चौदा वर्षांचा जोसेफही आत गाडला गेला होता. कित्येक तास माती व लाकडे उपसल्यावर तो जिवंत सापडला. सुटकेचे काम चालू असता बव्हेरियाचा राज्यकर्ता माक्सिमिलियन योसेफ हा स्वतः तेथे आला होता. मुलगा वाचल्याचे पाहून त्याला आनंद झाला व त्याने जोसेफला अठरा डुकाट, म्हणजे सोन्याची अठरा नाणी, बक्षीस दिली.

त्या गर्दीत आणखी एक गृहस्थ होते. त्यांचे नाव योसेफ उट्झश्नायडर. ते सरकारी अधिकारी होते व पुढे कारखानदार झाले. त्यांनी या मुलाची चौकशी केली, त्याला शिकण्याची ओढ आहे हे ओळखले आणि गणिताची व प्रकाशशास्त्राची पुस्तके त्याला मिळवून दिली. राज्यकर्त्याचीच नजर मुलावर पडल्यामुळे मालकालाही नमते घ्यावे लागले, आणि सुटीच्या शाळेचे दार जोसेफसाठी उघडले.

विद्यार्थी मित्रांनो, सोन्याची नाणी हातात आली तेव्हा या मुलाने काय केले ते लक्षात घ्या. त्याने त्यांतून काच घासण्याचे यंत्र घेतले आणि उरलेल्या रकमेत उमेदवारीचे अखेरचे महिने मालकाकडून सोडवून घेतले. म्हणजे त्याने हत्यार विकत घेतले आणि वेळ विकत घेतला.

मात्र येथून पुढे सारे सुरळीत झाले असे समजू नका. त्याने नावाची कार्डे छापण्यासाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम करण्याचा धंदा काढून पाहिला. ते दिवस लढायांचे होते. अशा हौशीच्या वस्तूंना गिऱ्हाईक मिळेना. धंदा बसला. शेवटी पोटासाठी त्याच जुन्या मालकाकडे रोजंदारीवर काम धरावे लागले. परंतु पुस्तके त्याने सोडली नाहीत.

कारखाना हेच विद्यापीठ

१८०६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, उट्झश्नायडर यांनी त्याला आपल्या संस्थेत घेतले. राइखेनबाख व लिबहेर या कुशल यंत्रकारांबरोबर त्यांनी १८०४ साली म्युनिकमध्ये ही संस्था काढली होती. जमीन मोजण्याची व आकाश निरीक्षणाची उपकरणे तेथे तयार होत. पुढे भिंगांचे काम बेनेडिक्टबॉयर्न या गावी, सरकारने बंद केलेल्या एका जुन्या मठाच्या इमारतीत हलविण्यात आले. तेथे गिनाँ नावाचा स्विस कारागीर काच वितळविण्यात तरबेज होता. फ्राउनहोफर त्याच्याकडून भट्टीचे काम शिकला आणि पुढे भट्टीचा कारभारच त्याच्याकडे आला. १८०९ मध्ये, म्हणजे केवळ बावीस वर्षांचा असताना, तो संस्थेचा भागीदार झाला.

आता त्याच्यापुढे कोणती अडचण होती ती समजून घेऊ. साध्या भिंगातून पाहिले की वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसते, कारण काच निरनिराळ्या रंगांना निरनिराळ्या प्रमाणात वळविते. ही झालर घालविण्यासाठी क्राउन व फ्लिंट अशा दोन जातींच्या काचांची भिंगे जोडून वापरतात. पण त्यासाठी कोणती काच कोणत्या रंगाला नेमकी किती वळविते हे ठाऊक असावे लागते. बाकीचे कारागीर हे काम अंदाजाने करीत. भिंग घासावयाचे, पाहावयाचे, पुन्हा घासावयाचे. फ्राउनहोफरला हा अंदाजपंचे कारभार पसंत नव्हता. त्याला मोजमाप हवे होते.

परंतु मोजावयाचे कोठून? सूर्यप्रकाश लोलकातून, म्हणजेच प्रिझममधून गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो. यालाच वर्णपट म्हणतात. रंग कसे निर्माण होतात हा प्रश्न फार जुना. चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणचे कमालुद्दीन फारसी यांनी पाण्याने भरलेल्या काचेच्या गोलावर प्रयोग करून इंद्रधनुष्याचे कोडे उलगडले होते, आणि सतराव्या शतकात न्यूटनने लोलकाच्या साहाय्याने पांढऱ्या प्रकाशात सारे रंग असतात हे दाखविले होते. पण त्या पट्ट्यात तांबडा कोठे संपतो आणि नारिंगी कोठे सुरू होतो हे कोणी सांगावे? मैलाचे दगड नसलेल्या रस्त्यावर अंतर मोजण्यासारखेच ते होते.

काळ्या रेषा

फ्राउनहोफरच्या ध्यानात आले की दिव्याच्या ज्योतीचा वर्णपट पाहिला तर पिवळ्या भागात एक झगझगीत रेषा दिसते आणि ती नेहमी त्याच जागी असते. मोजमापाला ही खूण उपयोगी होती. तशीच तेजस्वी रेषा सूर्यप्रकाशातही आहे काय, हे पाहावयाचे त्याने ठरविले. खोली अंधारी करून खिडकीच्या झडपेत त्याने एक अरुंद फट ठेवली. त्या फटीपासून चोवीस फुटांवर आपल्याच कारखान्यातील उत्तम काचेचा लोलक मांडला आणि लोलकामागे जमीन मोजणाऱ्यांचे थिओडोलाइट हे दुर्बीण बसविलेले उपकरण ठेवले.

दुर्बिणीतून पाहतो तो काय, तेजस्वी रेषा तर नाहीच. उलट साऱ्या रंगपट्ट्यावर असंख्य काळ्या उभ्या रेषा! काही ठळक, काही केसासारख्या बारीक. हे १८१४ च्या सुमाराचे काम होय.

त्याच्या आधी, १८०२ साली, वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञालाही अशा थोड्या रेषा दिसल्या होत्या. परंतु त्या रंगांच्या नैसर्गिक सीमा असाव्यात अशी समजूत करून घेऊन तो पुढे गेला. फ्राउनहोफर तसा पुढे गेला नाही. हा आपल्या काचेचा दोष तर नाही? फटीमुळे होणारा भास तर नाही? डोळ्यांची चूक तर नाही? त्याने मांडणी बदलून पुन्हा पुन्हा पाहिले. रेषा जागच्या हलल्या नाहीत. त्या सूर्याच्या प्रकाशातच आहेत अशी त्याची खात्री झाली. मग त्याने शांतपणे त्या मोजावयास घेतल्या. सुमारे ५७४ रेषा त्याने मोजल्या, वर्णपटाचा नकाशा काढला आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत पिवळ्या भागातील रेषांना डी रेषा असेच म्हणतात.

या रेषा हेच त्याचे मैलाचे दगड झाले. आता कोणतीही काच घेऊन ती डी रेषेला किती वळविते, एफ रेषेला किती वळविते, असे नेमके सांगता येऊ लागले. भिंगे हिशोबाने बनू लागली. त्याने शुक्राचा प्रकाश तपासला. त्यात सूर्यासारख्याच रेषा मिळाल्या, कारण शुक्र सूर्याच्याच प्रकाशाने चमकतो. व्याधाच्या ताऱ्याचा प्रकाश तपासला. तेथे रेषांची मांडणी निराळी निघाली. आणखी एक गोष्ट त्याने टिपून ठेवली. दिव्यातील पिवळी तेजस्वी रेषा दुहेरी होती, आणि सूर्याच्या वर्णपटातील डी ही काळी रेषाही दुहेरी होती. दोन्हींची जागा एकच होती. असे का, हे त्याला उमगले नाही. पण उमगले नाही म्हणून त्याने ती नोंद गाळली नाही. १८१७ साली हे सारे काम म्युनिकच्या विज्ञान अकादमीने प्रसिद्ध केले.

पुढे १८२१ च्या सुमारास त्याने लोलकाऐवजी अत्यंत बारीक तारा एकमेकींना समांतर ताणून जाळी तयार केली व नंतर काचेवर हिऱ्याच्या टोकाने रेघा ओढल्या. अशा जाळीतून प्रकाश गेला की वर्णपट पडतो आणि त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी थेट काढता येते. आज प्रयोगशाळेतील बहुतेक उपकरणांत लोलकाच्या जागी अशीच जाळी असते. तिला ग्रेटिंग म्हणतात.

पंडितांच्या सभेत कारागीर

इतके काम करूनही विद्वानांच्या दरबारात त्याला सहज जागा मिळाली नाही. अकादमीत त्याचे नाव पुढे आले तेव्हा, ज्याने विद्यापीठाची पायरी चढलेली नाही अशा कारागिराला पंडितांच्या पंगतीत कसे बसवावे, अशी कुरकुर झाली. परंतु मोजमाप खोटे पाडणे कोणाला शक्य नव्हते. १८२२ साली एर्लांगेन विद्यापीठाने त्याला सन्मानाची डॉक्टरेट दिली. १८२३ साली अकादमीच्या भौतिक उपकरणसंग्रहाची जबाबदारी व प्राध्यापकपद मिळाले. १८२४ साली राजाने त्याला सरदारकी बहाल केली. हा राजा म्हणजे तेवीस वर्षांपूर्वी ढिगाऱ्याजवळ उभा असलेला तोच माक्सिमिलियन होय.

त्याच १८२४ साली, आज एस्टोनिया देशात असलेल्या तार्तू येथील वेधशाळेत त्याच्या कारखान्याची मोठी दुर्बीण पोहोचली. तिचे भिंग सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाचे होते व घड्याळासारख्या यंत्राने ती ताऱ्याच्या मागोमाग फिरत असे. त्या काळात तिच्या तोडीची दुर्बीण नव्हती. त्याच्या कारखान्यात सुरू झालेल्या दुसऱ्या एका उपकरणाने बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने १८३८ साली एका ताऱ्याचे पृथ्वीपासूनचे अंतर काढले. पण ते पाहावयास फ्राउनहोफर जिवंत नव्हता. लहानपणापासून नाजूक असलेले शरीर, त्यात भट्टीपुढचे आयुष्य. क्षयरोगाने ७ जून १८२६ रोजी म्युनिक येथे त्याचे निधन झाले. वय अवघे एकोणचाळीस. त्याच्या कबरीवरील लेखात, याने तारे जवळ आणले, अशा अर्थाचे लॅटिन शब्द कोरले गेले.

रेषांचा अर्थ लागला

काळ्या रेषांचे कोडे त्याच्या मृत्यूनंतर तेहेतीस वर्षांनी सुटले. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे बुन्सेन हा रसायनशास्त्रज्ञ आणि किरखोफ हा भौतिकशास्त्रज्ञ असे दोन मित्र काम करीत होते. बुन्सेनचा बर्नर आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही असतो. त्याची ज्योत जवळजवळ रंगहीन असल्यामुळे तीत टाकलेल्या पदार्थाचा रंग स्वच्छ दिसतो. एक लोलक, सिगारची एक पेटी आणि जुन्या दुर्बिणींचे दोन तुकडे जोडून त्यांनी आपले वर्णपटदर्शक उपकरण तयार केले.

१८५९ साली किरखोफने सूर्याचा प्रकाश मिठाच्या पिवळ्या ज्योतीतून जाऊ दिला. ज्योतीच्या पिवळ्या प्रकाशाने सूर्याची काळी डी रेषा भरून निघेल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच, रेषा अधिक काळी झाली. त्यावरून उलगडा झाला. जो पदार्थ तापला असता विशिष्ट रंग बाहेर टाकतो, त्याच पदार्थाची वाफ मागून येणाऱ्या तेजस्वी प्रकाशातला तोच रंग गिळून टाकते. सूर्याच्या तप्त वातावरणात सोडियम आहे, ते हा रंग गिळते, म्हणून तेथे काळी रेषा पडते. फ्राउनहोफरने जपून ठेवलेल्या नोंदीचा अर्थ असा लागला.

प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांची मांडणी निराळी असते. तलाठ्याच्या दप्तरातला अंगठ्याचा ठसा जसा एकाच माणसाचा, तशी रेषांची मांडणी एकाच मूलद्रव्याची. १८६० साली एका खनिज झऱ्याच्या पाण्यात दोन अनोळखी निळ्या रेषा दिसल्या व त्यावरून सीझियम हे नवे मूलद्रव्य सापडले. पुढच्या वर्षी रुबिडियम मिळाले. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या वेळी गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट पाहिला. ग्रहणाचा पट्टा आपल्या कोकणावरूनही गेला होता आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर त्या ग्रहणाची आठवण आजही सांगितली जाते. त्या ज्वाळांत सोडियमच्या डी रेषांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा होती. इंग्लंडमधील लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवायच तिचे निरीक्षण केले. ती हेलियम या नव्या मूलद्रव्याची ठरली. पृथ्वीवर हेलियम सापडले ते १८९५ साली. डी रेषांची जागा आधी इतकी नेमकी मोजलेली नसती, तर ही शेजारची रेषा वेगळी आहे हे कोणी ओळखले असते?

आजच्या प्रयोगशाळेत

विद्यार्थी मित्रांनो, फ्राउनहोफर डोळ्याने पाहून हाताने नकाशा काढीत असे. १८४० नंतर वर्णपटाची छायाचित्रे घेता येऊ लागली. रेषांचे चित्र काचेच्या पट्टीवर उमटे व तज्ज्ञ ती पट्टी ज्ञात पदार्थाच्या पट्टीशेजारी ठेवून ताडून पाहत. आज पट्टीच्या जागी डिजिटल कॅमेऱ्यातल्यासारखी चिप आली आहे आणि ताडून पाहण्याचे काम संगणक करतो. तत्त्व मात्र तेच आहे.

पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत रक्तातील सोडियम व पोटॅशियम मोजण्यासाठी बरीच वर्षे फ्लेम फोटोमीटर वापरीत असत; आता तेथे बहुधा इलेक्ट्रोडची यंत्रे असतात. पाण्यातील शिसे शोधावयाचे तर ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन ही पद्धत वापरतात. १९५५ साली ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या ॲलन वॉल्श यांनी ती पुढे आणली. नमुन्याची वाफ करावयाची, तिच्यातून ठराविक प्रकाश सोडावयाचा आणि किती प्रकाश गिळला गेला ते मोजावयाचे. म्हणजे सूर्यात जी काळी रेषा पडते तीच येथे प्रयोगशाळेत पाडावयाची. याहून पुढचे कॅमेरे असे आहेत की, चित्रातील प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र वर्णपट ते टिपतात; त्यामुळे दोन पदार्थ डोळ्यांना सारखे दिसले तरी धान्याच्या राशीतला परका कण वेगळा काढता येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ मधील प्रज्ञान या गाडीने लेसरच्या झोताने चंद्रावरची माती क्षणभर पेटविली, त्या चमकेचा वर्णपट पाहिला आणि तेथे गंधक असल्याची खात्री करून दिली.

परंतु कोणतेही यंत्र आपल्या आपण सत्य सांगत नाही. यंत्र रेषा दाखविते. ती रेषा कोणाची, हे ठरविण्यासाठी आधी शुद्ध, ओळखीच्या पदार्थाची रेषा तितक्याच काळजीने मोजलेली असावी लागते. खूण पक्की नसेल तर लाखो रुपयांचे यंत्रही चुकीचे उत्तर देईल. म्हणून फ्राउनहोफरचे खरे देणे हे की, त्याने आधी खुणा पक्क्या केल्या.

आपण काय घ्यावे

या चरित्रातून दोन गोष्टी आपण जपून ठेवाव्यात असे मला वाटते.

पहिली विद्यार्थ्यांसाठी. काळ्या रेषा म्हणजे फ्राउनहोफरच्या दृष्टीने अनपेक्षित अडथळा होता. तो शोधीत होता एक, मिळाले भलतेच. तरीही त्याने जे दिसले ते लिहिले आणि जे कळले नाही तेही लिहिले. तुमच्या प्रयोगवहीत पुस्तकातल्याप्रमाणे उत्तर आले नाही की आकडा खोडून शेजाऱ्याचा आकडा उतरवून घेण्याचा मोह होतो. तो मोह टाळा. पुन्हा मोजा, तरीही तेच आले तर तेच लिहा. न जुळणारा आकडाच कधी कधी मोठे काही सांगत असतो.

दुसरी पालकांसाठी, आणि तितकीच कारखानदारांसाठी व दुकानदारांसाठी. आपल्या समाजात हाताचे हुनर पुष्कळ आहे. यंत्रमाग, गॅरेज, वेल्डिंग, सुतारकाम, बेकरी, शिलाई, वायरिंग या कामांत आपली माणसे तरबेज आहेत. हुनर ही लाज वाटावी अशी गोष्ट नव्हे. फ्राउनहोफर शेवटपर्यंत कारागीरच राहिला आणि त्याच्या हातात काच होती म्हणूनच त्याला रेषा दिसल्या. पण नुसता हात असता तर तो आयुष्यभर आरसे घाशीत राहिला असता. हाताला पुस्तकाची जोड मिळाली म्हणून तो मोठा झाला. मुलगा कामात हुशार आहे म्हणून त्याची शाळा सोडविणे, किंवा मुलगी घरकामात तरबेज झाली म्हणून दहावीनंतर तिला घरी बसविणे, म्हणजे ही जोड तोडणे होय. कोवळ्या वयाच्या मुलांना कामाला जुंपण्यास आज कायद्यानेही बंदी आहे. आणि ज्यांना मोठेपणी परिस्थितीमुळे काम धरावेच लागते त्यांच्यासाठी रात्रशाळा आहेत, मुक्त विद्यालय आहे, आय.टी.आय. आहे. गरज असते ती मालकाने संध्याकाळी दोन तास लवकर सोडण्याची आणि बापाने त्या दोन तासांची मजुरी मनातून सोडून देण्याची.

घर कोसळले म्हणून जोसेफकडे लोकांचे लक्ष गेले. ज्यांच्या अंगावर घर कोसळत नाही अशी मुले रोज आपल्या डोळ्यांसमोर असतात आणि आपले लक्ष जात नाही. त्या दिवशी म्युनिकच्या इतर कारखान्यांत किती जोसेफ काच घाशीत होते, त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. राजाचे अठरा डुकाट मोठे खरे. पण उट्झश्नायडर यांनी दिलेली पुस्तके त्याहून मोठी ठरली. तेवढे देणे आपल्यापैकी पुष्कळांना परवडण्यासारखे आहे. एखाद्या उमेदवार मुलाची फी, एक गणिताचे पुस्तक, आठवड्यातून एक संध्याकाळ शिकवणी. यासाठी राजा असावे लागत नाही.

१९४९ साली म्युनिकमध्ये स्थापन झालेल्या जर्मनीच्या मोठ्या संशोधन संस्थेला फ्राउनहोफरचे नाव देण्यात आले. उद्योगधंद्याला उपयोगी पडणारे संशोधन करणे हे तिचे काम आहे. ज्या मुलाला सुटीच्या दिवशी शाळेत जाण्याची परवानगी मिळत नव्हती, त्याच्या नावाच्या प्रयोगशाळांत आज हजारो पदवीधर काम करतात. आपल्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये, बेकरीत किंवा शिलाईच्या यंत्रावर बसलेल्या मुलाकडे उद्या जाता येता पाहाल, तेव्हा त्याने शाळा कितवीत सोडली एवढे त्याला जरूर विचारा.